निरोगी वार्धक्याचे भांडवल

१९४५ सालच्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील, आणि आजच्या तलासरी तालुक्यातील, झरी या गावी हजारो वारली स्त्री-पुरुष एकत्र जमले आणि यापुढे जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावयाचे नाही, असा निर्धार करून परतले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्याचा इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. त्या वर्षी त्या पाड्यांवर जन्मलेल्या मुलांपैकी जी आज हयात आहेत, त्यांनी ऐंशीचा टप्पा गाठला आहे. योगायोग असा की, १९४४-४५ च्या त्याच हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये जर्मन सैन्याने अन्नाची वाहतूक रोखल्यामुळे भीषण उपासमार झाली होती. त्या काळात मातेच्या उदरात असलेल्या मुलांचा माग डच संशोधकांनी पुढे कित्येक दशके काढला. गर्भावस्थेच्या पहिल्या महिन्यांत ज्यांना उपासमारीची झळ लागली, त्यांच्यात उतारवयात हृदयविकाराचे व रक्तातील साखरेच्या विकारांचे प्रमाण अधिक आढळले. ॲमस्टरडॅमच्या रुग्णालयातील जन्मनोंदी जपून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच हे समजू शकले. झरीच्या मुलांचा असा माग कोणी काढला नाही, कारण काढता येण्याजोगी नोंदच नव्हती.

निरोगी वार्धक्य कोणाला लाभते आणि का, हा आज जगभर संशोधनाचा विषय झाला आहे. महाराष्ट्रातही त्याची चर्चा होते. पण ती बहुधा आहार, योगासने, सकाळचे फिरणे आणि नियमित तपासणी यांच्यापलीकडे जात नाही. हा सल्ला चुकीचा आहे असे नव्हे. परंतु माणूस साठीपर्यंत बऱ्यापैकी धडधाकट येऊन पोचला आहे आणि पुढचे सारे त्याच्या स्वतःच्या हाती आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हे गृहीत टिकत नाही. म्हातारपणी शरीर किती साथ देईल, याचा बराचसा निर्णय म्हातारपण येण्याच्या पुष्कळ आधी, काही अंशी तर जन्मापूर्वीच, होऊन गेलेला असतो. गेल्या चार दशकांतील संशोधनाचा रोख हाच आहे. आणि तो मान्य केला, तर शासनाच्या वृद्धविषयक धोरणाचा पायाच तपासून पाहावा लागेल.

२०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जो पालघर जिल्हा झाला, त्याच्या उत्तर टोकाला हे दोन तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत डहाणूची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख भरली. डहाणूत दर दहा माणसांपैकी सुमारे सात, तर तलासरीत नऊ आदिवासी आहेत. वारली, कोकणा, दुबळा, धोडी, मल्हार कोळी, कातकरी अशा त्यांच्या जमाती आहेत. किनाऱ्यालगत मात्र पारशी आणि इराणी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्या आहेत. घोलवड-डहाणूच्या या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या समाजाच्या दीर्घायुष्याचा शोध जनुकशास्त्रज्ञ घेत आहेत आणि ज्या समाजातील वृद्धांचे नेमके वयदेखील सांगता येत नाही, असे दोन समाज येथे शेजारी शेजारी नांदतात. दीर्घायुष्याच्या प्रश्नाची तपासणी करण्यास याहून योग्य भूमी शोधूनही सापडणार नाही.

आनुवंशिकतेचा वाटा

पारशी समाज दीर्घायुषी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. २००१ च्या जनगणनेत या समाजातील सुमारे ३१ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. देशाचे सरासरी प्रमाण त्या वेळी साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेने २००८ साली ‘अवेस्ताजीनोम’ नावाचा प्रकल्प हाती घेऊन पारशांच्या जनुकांचा अभ्यास सुरू केला, तो याच कुतूहलापोटी. असा अभ्यास अवश्य व्हावा. परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एखाद्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे दिसते, ते केवळ माणसे अधिक जगतात म्हणून नव्हे. मुले कमी जन्मतात म्हणूनही दिसते. पारशांच्या बाबतीत दुसरे कारण फार प्रबळ आहे. शिवाय अनेक पिढ्यांचे स्त्रीशिक्षण, स्वतःच्या धर्मादाय संस्था, दवाखाने आणि निवाऱ्याची हमी हा वारसाही त्यांच्या पदरी आहे. हा वारसा रक्तातून येत नाही, तरी तो पिढीजातच असतो.

आनुवंशिकतेचा वाटा मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या सुमारे २,९०० जोड्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुर्मर्यादेत जो फरक पडतो, त्याचा साधारणपणे एक चतुर्थांश भाग आनुवंशिक असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अपघात आणि संसर्ग यांनी होणारे मृत्यू बाजूला ठेवले, तर हा वाटा निम्म्यापर्यंत जातो, असे प्रतिपादन काही संशोधकांनी अलीकडे केले आहे. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते एकच गोष्ट सांगतात. परिस्थिती जितकी समान, तितका आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. एकाच वाडीत, एकाच पाण्यावर वाढलेल्या चिकूच्या झाडांत जो फरक राहतो तो बियाण्याचा किंवा कलमाचा म्हणता येईल. परंतु एक झाड वाडीत आणि दुसरे डोंगराच्या मुरमाड उतारावर असेल, तर कलमाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. तलासरीच्या पाड्यांवर जनुकांचा वाटा शोधण्यापूर्वी पाणी, अन्न आणि श्रम यांचा हिशेब मांडावा लागेल, तो याच कारणाने.

वयाची नोंद

दीर्घायुष्याच्या शोधातील दुसरा मार्ग म्हणजे शतायुषी माणसांची गावे हुडकणे. एक्वाडोरमधील विल्काबांबा हे गाव १९७० च्या दशकात असेच जगप्रसिद्ध झाले होते. तेथील वृद्ध आपले वय वाढवून सांगत होते, हे त्याच दशकाच्या अखेरीस चर्चमधील नोंदी तपासल्यावर उघड झाले. २०१० साली जपानच्या न्यायखात्याने नोंदवह्या पडताळल्या, तेव्हा कागदोपत्री हयात असलेल्या दोन लाख तीस हजारांहून अधिक शतायुषींचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यांतील बरेचसे फार पूर्वीच मरण पावले असावेत. लंडनमधील संशोधक सॉल न्यूमन यांनी तर असे दाखवून दिले की, अमेरिकेच्या राज्यांत जन्मदाखल्याची पद्धत सुरू होताच एकशेदहा वर्षे ओलांडणाऱ्यांची नोंदलेली संख्या झपाट्याने घटली.

वयाची अशी अनिश्चितता तलासरीलाही आहे. पण तेथे तिचा परिणाम उलटा होतो. शाळेत कधी नाव न घातलेल्या वृद्धेचे वय कोणत्या तरी अर्जावर कोणी तरी अंदाजाने लिहिलेले असते आणि तोच अंदाज पुढे कायमचा चिकटतो. भारताच्या जनगणनेत पाच आणि शून्य या अंकांनी संपणाऱ्या वयांची गर्दी होते, हे लोकसंख्याशास्त्रज्ञांना जुनेच ठाऊक आहे. इतरत्र या अनिश्चिततेतून शतायुषी निर्माण झाले. येथे तिच्यामुळे पासष्टी उलटलेल्या माणसाला पासष्टी सिद्ध करता येत नाही.

आदिवासी जीवन निसर्गाच्या सान्निध्यात असते, म्हणून तेथील म्हातारे काटक असतात, हा शहरी मनाचा एक आवडता समज आहे. सत्तरीतली वारली स्त्री मोळी घेऊन चढ चढताना दिसते, तेव्हा तो पक्का होतो. परंतु जी दिसते ती उरलेली असते. तिच्याबरोबरीच्या ज्या स्त्रिया बाळंतपणात, तापात किंवा क्षयाने गेल्या, त्या दिसत नाहीत. थोर व्यक्तींच्या उदाहरणांनाही हीच मर्यादा आहे. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, गोदावरी परुळेकर आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे या चौघांचे आयुष्य या परिसराशी जोडले गेले आणि चौघांनीही ऐंशी वर्षे ओलांडली. ध्येयाने झपाटलेले जीवन माणसाला उभारी देते, असे यावरून म्हणावेसे वाटते, आणि त्यात तथ्यही असेल. पण चौघांपैकी तिघी मध्यमवर्गीय घरांतून आलेल्या होत्या आणि या मातीत जन्मलेले एकटे म्हसेच होते, हे विसरून चालणार नाही.

पुण्याजवळची सहा गावे

यशस्वी वृद्धांकडे पाहून मागे जाण्याऐवजी जन्मापासून पुढे येणे, हा शास्त्राचा खरा मार्ग. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रत्येक अर्भकाचे वजन जन्मतः आणि वर्षाच्या अखेरीस नोंदून ठेवण्यात येत असे. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या मिळवून माणसांचा माग काढला आणि १९८९ साली असे दाखविले की, बालपणी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. विपुलतेचा मानला गेलेला रोग वास्तविक आरंभीच्या अभावाशी निगडित निघाला.

महाराष्ट्राने या संशोधनात मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला आणि तेथे जन्मलेल्या मुलांचा माग पुढे चालू ठेवला. या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. परंतु वजन कमी असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने टिकून होती आणि स्नायूंची वाढ तेवढी खुंटलेली होती. दिसण्यात कृश, पण आतून मेदयुक्त असा हा देह पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतो. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची मुले जन्मतः अधिक भरलेली होती. ज्यांना शेतीचे आणि घरचे श्रम अधिक पडत, त्यांची मुले लहान होती. मातेच्या डोक्यावरच्या हंड्याचा भार असा पुढच्या पिढीच्या देहावर उमटतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांचा पौष्टिक खाऊ देण्याचा एक प्रयोग पुढे झाला. एकंदरीत पाहता त्याने जन्मवजनात मोठा फरक पडला नाही. परंतु ज्यांना तो गर्भधारणेच्या आधी निदान तीन महिने मिळाला, त्यांच्या मुलांचे वजन थोडे वाढले. मात्र ज्या स्त्रिया अगदीच कृश होत्या, त्यांना त्याचा लाभ झाला नाही. याचा अर्थ खाऊ निरुपयोगी आहे असा नव्हे. मुलीच्या वाढीची वर्षे निघून गेल्यावर दिलेल्या मदतीने सारी तूट भरून निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या दृष्टीने पालघर जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास अस्वस्थ करणारा आहे. १९९२-९३ साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने अनेक बालके दगावली आणि राज्य हादरले. जी दगावली त्यांची संख्या मोजली गेली. जी त्याच उपासमारीतून वाचली, ती आज तिशीत आहेत. आणखी तीन दशकांनी ती वृद्ध म्हणून गणली जातील, आणि त्या वेळी त्यांच्या व्याधींची कारणे त्यांच्या तेव्हाच्या सवयींत शोधली जातील.

मध्यवयातील झीज

अर्थशास्त्रात आरोग्याला भांडवल मानण्याची कल्पना मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ साली मांडली. प्रत्येक माणूस आरोग्याचा काही साठा घेऊन येतो. वयानुसार त्याची झीज होते आणि अन्न, विश्रांती, उपचार व शिक्षण यांच्या रूपाने त्यात भर घालता येते. या परिभाषेत बोलावयाचे तर तलासरीचा शेतमजूर अपुऱ्या साठ्यानिशी आरंभ करतो आणि त्याच्या वाट्याला झीज मात्र अधिक येते. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळी उलटली की वीटभट्टीवर, रेतीच्या कामावर किंवा मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणे, नाही तर उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत रोजंदारी, हा त्याचा वर्षक्रम. ज्या देहावर पोट चालते तोच झिजत असतो. दुरुस्तीसाठी रजा घ्यावी, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

झीज केवळ अंगमेहनतीनेच होते असेही नाही. ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. मायकेल मार्मट यांनी पुढे नेलेल्या या अभ्यासात असे आढळले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे जमेस धरूनही या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहिला. या नोकरांत उपाशी कोणीही नव्हता. दवाखानाही सर्वांना सारखाच खुला होता. आपल्या कामावर आणि आपल्या दिवसावर ज्याची सत्ता कमी, त्याचे शरीर लवकर थकते, एवढेच यातून दिसते. कचेरीतल्या कारकुनाची ही अवस्था, तर मुकादमाकडून उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या कुटुंबाची कशी असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

वयाची अट

आता धोरणाकडे वळता येईल. राज्याच्या श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजनेत पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धाला २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. दोन्ही योजना स्वागतार्ह आहेत. परंतु डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासींच्या आरोग्याविषयी जो अहवाल दिला, त्यात आदिवासींचे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान ६३.९ वर्षे, तर सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे असल्याचे नमूद केले आहे. आयुर्मानाच्या या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा असतो आणि साठी गाठलेला आदिवासी त्यापुढेही कित्येक वर्षे जगतो, हा आक्षेप बरोबर आहे. तरीही सत्तरीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ज्या समाजात कमी, त्याच्या वाट्याला सत्तरीची सवलत कमी येणार, हे साधे गणित त्याने बदलत नाही. जी अट कागदावर सर्वांना समान, तिचा लाभ मात्र आधीच अधिक जगणाऱ्यांकडे झुकतो.

राज्य शासनाचा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. त्या वयात विश्रांती हवी हे शासनाला मान्य आहे, आणि ते योग्यच आहे. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून चिखलात आणि भट्टीवर राबलेल्या माणसाने त्याच शासनाच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनासाठी पासष्टीची वाट का पाहावी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. आदिवासी तालुक्यांपुरती ही अट साठीवर आणावी आणि वयाच्या पुराव्याबाबत ग्रामसभेचा दाखला ग्राह्य धरावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. यामुळे तिजोरीवर भार वाढेल आणि इतर श्रमिकही तीच मागणी करतील, असे वित्त विभाग म्हणेल. ते खरेही आहे. परंतु आज तो भार नाहीसा झालेला नाही. तो ज्यांची पाठ सर्वांत दुबळी आहे त्यांच्यावर टाकलेला आहे, इतकेच. पाच लाखांच्या संरक्षणाबाबतही असेच म्हणावे लागेल. गंभीर रुग्णाला जेथून अनेकदा सिल्वासा किंवा वलसाड गाठावे लागते, तेथे विम्याच्या कार्डापेक्षा जवळच्या रुग्णालयातील तज्ज्ञ डॉक्टर अधिक मोलाचा ठरतो.

वयाची अट खाली आणणे हा न्यायाचा भाग झाला. निरोगी वार्धक्याची खरी गुंतवणूक मात्र आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली. वर उल्लेखिलेल्या संशोधनाचा विचार करता तिचा विस्तार आश्रमशाळांतील किशोरवयीन मुलींपर्यंत मागे न्यावयास हवा. दुसरी गोष्ट नोंदींची. अंगणवाडीत मुलाचे वजन महिन्यागणिक घेतले जाते; सहाव्या वर्षी ते मूल शाळेत गेले की ती वही मिटते. शाळेची वही वेगळी, आरोग्य केंद्राची वेगळी. या वह्या कुटुंबाच्या संमतीने एकमेकींना जोडल्या, तर हर्टफर्डशरला जे अनायासे लाभले ते तलासरीला अल्प खर्चात साधता येईल. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरातील ७२ हजारांहून अधिक प्रौढ व वृद्धांची पाहणी केली आणि साठीपुढील चौघांपैकी तिघांना कोणती ना कोणती दीर्घकालीन व्याधी असल्याचे दाखवून दिले. असे सामर्थ्य असलेली संस्था मुंबईत आहे आणि डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल गाडी जाते. उणीव आहे ती निर्णयाची. अर्थात, आदिवासी केवळ संशोधनाचा कच्चा माल ठरू नयेत. जे निष्पन्न होईल ते प्रथम त्यांच्या ग्रामसभांपुढे आले पाहिजे.

१९५७ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ताराबाई मोडकांनी आपले कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आणले. शाळेत न येणाऱ्या मुलांपाशी शाळाच न्यावी, या विचारातून त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाड्यापाड्यांच्या अंगणात शिक्षण नेले. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथूनच देशभर गेला आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो उचलला. ज्या वयात आज शासन माणसाला निवृत्तिवेतनास पात्र ठरवते, त्या वयात ताराबाई डहाणूच्या बालकांसाठी नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या अंगणवाड्यांतून आज जे मूल बाहेर पडेल, ते या शतकाच्या उत्तरार्धात साठीला पोचेल. ते कसे पोचेल याचा विचार तेव्हाच्या सरकारवर सोपवून भागणार नाही. तो या वर्षीच्या अंदाजपत्रकात करावा लागेल.